पापाची कबुली कोणापुढे?



आपल्यापैकी ज्यांचे वास्तव्य वसई, मुंबई किंवा गोव्याच्या परिसरात आहे, त्यांना कॅथलिक शेजाऱ्यांचे धार्मिक जीवन अपरिचित नाही. ईस्टरपूर्वी त्यांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. त्या दिवसांत चर्चमध्ये एका बाजूस भाविकांची रांग लागते. एकेक जण पुढे होतो, गुडघे टेकतो आणि जाळीपलीकडे बसलेल्या फादरच्या कानाशी हलक्या आवाजात आपली पापे सांगतो. काही मिनिटांनी तो उठतो, बाकावर जाऊन बसतो आणि नेमून दिलेली प्रार्थना पुटपुटू लागतो. याला कन्फेशन म्हणतात. गोव्याच्या कोकणीत यासाठी 'कुमसार' हा शब्द आहे.

हे दृश्य पाहून मुस्लिम मनात सहज विचार येतो की, आम्हाला याची गरज नाही; आमच्या व अल्लाहच्या मध्ये कोणी पाद्री नाही. हा विचार खरा आहे आणि ही अल्लाहची फार मोठी देणगी आहे. परंतु त्या देणगीचे आपण काय केले, असा प्रश्न आज स्वतःला विचारावयाचा आहे. मध्यस्थाची गरज उरली नाही, हे आपण चांगले लक्षात ठेवले. कबुलीची गरज मात्र उरली होती, हे आपण विसरलो काय?

प्रथेचे स्वरूप

दुसऱ्यांच्या श्रद्धेविषयी बोलताना न्यायाने बोलावे, ही आपल्याला शिकवण आहे. कुरआनने ख्रिस्ती समाजातील विद्वान व संन्यासी यांच्या निरहंकारी वृत्तीचा आदराने उल्लेख केला आहे (५:८२). म्हणून ही प्रथा प्रथम जशी आहे तशी समजून घेऊ.

आरंभीच्या शतकांत ख्रिस्ती समाजामध्ये मोठ्या पापांचे प्रायश्चित्त जाहीरपणे घ्यावे लागे. पापी व्यक्तीस दीर्घकाळ सामूहिक उपासनेतील काही विधींपासून दूर ठेवले जाई. पुढे सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठवासी साधूंनी खासगी कबुलीची रीत रूढ केली. कोणत्या पापासाठी किती दिवस उपवास करावयाचा, याच्या नियमपुस्तिकाही त्यांनी तयार केल्या. सन १२१५ मध्ये रोम येथे भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक जाणत्या भाविकास वर्षातून किमान एकदा कबुली देणे बंधनकारक केले. ज्या जाळीच्या लाकडी कक्षाचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते, तो पुष्कळ नंतरचा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमियो यांनी त्याचा पुरस्कार केला.

कबुलीची तयारी चर्चमध्ये येण्यापूर्वीच सुरू होते. प्रथम भाविकाने एकांतात आपल्या विवेकाची झडती घ्यावी. मग झालेल्या पापाबद्दल मनापासून खंत वाटावी व ते पुन्हा न करण्याचा निश्चय व्हावा. त्यानंतर धर्मगुरूपुढे कबुली द्यावी व त्याने सांगितलेले प्रायश्चित्त पार पाडावे. १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेने हेही स्पष्ट केले की, गंभीर पापांची कबुली मोघम असता कामा नये. "मी पापी आहे" एवढे म्हणणे पुरेसे नाही. कोणते पाप केले आणि किती वेळा केले, हे सांगावे लागते. कोणाचे काही चोरले असेल, कोणाच्या नावाला काळिमा लावला असेल, तर शक्य तेवढी भरपाई करण्याचे बंधनही असते.

धर्मगुरूवरही एक कठोर बंधन आहे. कानावर आलेले पाप त्याने कोणत्याही परिस्थितीत उघड करावयाचे नाही. त्याला ते 'कबुलीची मोहोर' म्हणतात. लॅटरन परिषदेने ही मोहोर मोडणाऱ्या धर्मगुरूस पदच्युत करून आयुष्यभर कडक मठात प्रायश्चित्त करण्याची शिक्षा ठरविली होती. आजच्या चर्च-कायद्यानुसारही असा धर्मगुरू तत्काळ बहिष्कृत ठरतो.

कॅथलिक धर्मशास्त्र असे मानते की, क्षमा करणारा परमेश्वरच आहे, परंतु हजरत ईसा (अ.) यांनी आपल्या शिष्यांना पापमोचनाचा अधिकार दिला आणि तो अधिकार धर्मगुरूंकडे चालत आला. म्हणून धर्मगुरू ईसा (अ.) यांच्या वतीने क्षमेचे शब्द उच्चारतो. येथे आपला व त्यांचा मार्ग वेगळा होतो.

ज्या दरबाराला द्वारपाल नाही

इस्लामने कोणत्याही मानवाला, मग तो कितीही विद्वान वा सत्त्वशील असो, दुसऱ्याचे पाप मोचन करण्याचा अधिकार दिलेला नाही. आपल्या मस्जिदीचे इमाम नमाज पढवितात, दीन समजावून सांगतात, निकाह लावतात. पण ते कोणाचा एक लहानसा गुनाहदेखील माफ करू शकत नाहीत. कोणत्याही पीराला वा मुर्शिदलाही तो अधिकार नाही. कुरआन प्रश्न करतो की, अल्लाहखेरीज पापे क्षमा करणारा आहे तरी कोण (३:१३५)? आणि हाच अल्लाह आपल्या दासांविषयी सांगतो की, तो निकट आहे. हाक मारणाऱ्याची हाक तो ऐकतो (२:१८६).

बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत पूर्वीच्या काळातील एका माणसाची हकीकत आली आहे. त्याने नव्व्याण्णव खून केले होते. पश्चात्तापाने होरपळून तो एका संन्याशाकडे गेला व आपल्यासाठी तौबा आहे काय, असे त्याने विचारले. संन्यासी म्हणाला, नाही. त्या माणसाने त्यालाही ठार केले व शंभराचा आकडा पूर्ण झाला. मग तो एका ज्ञानी व्यक्तीकडे गेला. त्या ज्ञानी व्यक्तीने त्याला सांगितले की, तुझ्या व तौबेच्या आड कोण येऊ शकतो? तू ही वाईट वस्ती सोड आणि जेथे अल्लाहची उपासना करणारे लोक राहतात तेथे जा. तो निघाला. वाटेतच त्याला मृत्यू आला आणि अल्लाहच्या कृपेचे देवदूत त्याला घेऊन गेले.

या हकीकतीतील ज्ञानी व्यक्तीकडे नीट पाहा. त्याने क्षमा केली नाही, कारण ती त्याच्या हाती नव्हती. त्याने रस्ता दाखविला. इस्लाममध्ये आलिमचे स्थान एवढेच आहे आणि ते काही लहान नाही. व्यसनाच्या किंवा दुष्ट सवयीच्या विळख्यात सापडलेल्या माणसाने विश्वासू आलिम, डॉक्टर अथवा वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ मन मोकळे करून साहाय्य घेणे योग्यच आहे. पण ते साहाय्य आहे. क्षमा अल्लाहकडूनच मिळावयाची आहे.

इतकेच नव्हे, अल्लाहने झाकलेला गुनाह स्वतःहून उघड करणे इस्लामला पसंत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की, आपल्या समुदायातील सर्वांना माफी मिळेल, पण उघडपणे गुनाह मिरविणाऱ्यांची गोष्ट वेगळी; रात्री केलेल्या दुष्कृत्यावर अल्लाहने पडदा टाकलेला असतो आणि माणूस सकाळी उठून तो पडदा स्वतःच्या हाताने फाडतो. एका साहाबींनी माइज (रजि.) यांना प्रेषितांकडे जाऊन आपल्या गुनाहची कबुली देण्यास प्रवृत्त केले होते. प्रेषितांनी त्या साहाबींना सांगितले की, तू आपल्या वस्त्राने त्याला झाकले असतेस तर तुझ्यासाठी ते अधिक चांगले झाले असते.

मग आपली कबुली कोठे आहे?

आता स्वतःकडे वळू. फादरपुढे जाणाऱ्या माणसाला आपल्या पापांना नाव द्यावे लागते, ती मोजावी लागतात. आपल्याला तसे विचारणारे कोणी नाही. म्हणून आपण काय करतो? नमाजनंतर तस्बीह हाती घेतो आणि शंभर वेळा 'अस्तगफिरुल्लाह' म्हणतो. क्षमायाचनेची संख्या आपण मण्यांवर अचूक मोजतो. पण ज्यासाठी क्षमा मागतो, ती कृत्ये कधी मोजली आहेत काय? जिभेवर 'अस्तगफिरुल्लाह' आणि मनात दुकानाचा हिशेब, असे आपल्यापैकी किती जणांचे होत असेल!

इस्लाममध्ये कबुली नाही, हा समज चुकीचा आहे. प्रेषितांनी शिकविलेल्या 'सय्यिदुल इस्तिगफार' या दुआचा अर्थ एकदा समजून घ्या. त्यात दास प्रथम अल्लाहच्या उपकारांची कबुली देतो, मग आपल्या गुनाहची कबुली देतो आणि त्यानंतरच क्षमा मागतो. कबुलीशिवाय क्षमायाचना ही पत्ता न लिहिलेल्या पत्रासारखी आहे.

मानवजातीची पहिली तौबादेखील कबुलीनेच सुरू झाली. हजरत आदम (अ.) व त्यांच्या पत्नी यांच्याकडून चूक झाली, तेव्हा त्यांनी म्हटले की, आम्ही स्वतःवर अन्याय केला आहे (७:२३). त्यांनी सैतानाच्या फसवणुकीचे निमित्त पुढे केले नाही, वास्तविक ते निमित्त खरे होते. याउलट इब्लीसने आपल्या अवज्ञेचा दोष थेट अल्लाहवरच टाकला (७:१६). चूक दोन्हीकडे होती. एकाने ती आपल्या पदरी घेतली, दुसऱ्याने ती झटकली; आणि तेथून दोघांचे मार्ग कायमचे वेगळे झाले. आपणही जेव्हा म्हणतो की "धंद्यात एवढे चालतेच" किंवा "तिने मला तसे बोलायलाच लावले", तेव्हा आपण या दोघांपैकी कोणाच्या वाटेवर असतो, याचा विचार करा.

सर्वांत अवघड कबुली

इमाम नववी (रह.) यांनी 'रियाजुस्सालिहीन' या ग्रंथात तौबेच्या अटी सांगितल्या आहेत. गुनाह सोडून द्यावा, त्याचा पश्चात्ताप व्हावा, पुन्हा न करण्याचा पक्का निश्चय करावा. या तीन अटी अल्लाह व दास यांच्यातील गुनाहसाठी आहेत. पण गुनाहचा संबंध दुसऱ्या माणसाच्या हक्काशी असेल, तर चौथी अट येते : ज्याचा हक्क आहे त्याला तो परत करावा किंवा त्याच्याकडून माफी मिळवावी.

या चौथ्या अटीपाशी आपले पाय अडखळतात. रात्रीच्या अंधारात अल्लाहपुढे रडणे सोपे आहे. सकाळी उठून सख्ख्या बहिणीच्या दारात जाऊन "तुझा वाटा मी दाबला" असे म्हणणे कठीण आहे.

आपल्या घरांकडे पाहा. वडील वारले की बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. विचारले तर भाऊ म्हणतो, तिने खुशीने सोडले. ही खुशी कशी असते? सही केली नाही तर माहेर तुटेल, ईदला कोणी नेण्यास येणार नाही, या भीतीने हललेला हात खुशीचा असतो काय? कुरआनने पुरुषांप्रमाणेच स्त्रियांचाही वारसा ठरवून दिला आहे, मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ (४:७). वारशाचे नियम सांगून झाल्यावर त्या मर्यादा ओलांडणाऱ्यास नरकाचा इशाराही दिला आहे (४:१४). खुशीची परीक्षाच पाहावयाची असेल तर एक उपाय आहे. प्रथम तिचा वाटा तिच्या नावे करा, ताबा तिच्या हाती द्या. त्यानंतर तिने स्वेच्छेने काही परत केले, तर त्याला खुशी म्हणता येईल.

महेरचेही तसेच. निकाहच्या वेळी भर सभेत रक्कम ठरते. ती उधार राहते आणि मग विस्मरणात जाते. पतीचा जनाजा अंगणात असताना शोकाने कोसळलेल्या पत्नीला नातेवाईक सांगतात, "महेर माफ कर." त्या घटकेला ती दुसरे काय म्हणणार? जो माणूस चाळीस वर्षे तिच्याबरोबर जेवला, त्याला जिवंतपणी एकदा तरी "तुझे देणे माझ्यावर आहे" असे म्हणता आले नसते काय?

हजला निघण्यापूर्वी आपण नातलगांकडे जातो व "कहा-सुना माफ करना" म्हणतो. शबे-बरातच्या रात्री हाच मजकूर मोबाईलवरून एकाच वेळी दोनशे जणांना पाठविला जातो. त्यामागील भावना चांगली आहे. पण ज्याची मजुरी तुम्ही अडवून ठेवली, ज्याच्या शेताचा बांध सरकविला, त्यालाही तोच मजकूर पाठवून काय साधणार? त्याला संदेश नको आहे, त्याची मजुरी हवी आहे. कबुलीला नाव लागते. काय केले ते सांगावे लागते आणि परत करावे लागते.

प्रेषितांनी बजावले आहे की, कोणी आपल्या बंधूवर अन्याय केला असेल तर त्याने आजच त्यातून मोकळे व्हावे. तो दिवस येण्यापूर्वी, जेव्हा दीनार व दिरहम चालणार नाहीत आणि देणे सत्कृत्यांतून चुकवावे लागेल. मुस्लिममधील हदीसनुसार या समुदायातील खरा दिवाळखोर तो, जो नमाज, रोजे व जकात घेऊन येईल. परंतु कोणाला शिवी दिलेली, कोणाचा माल खाल्लेला, कोणाला मारलेले, म्हणून त्याचे सारे पुण्य त्या लोकांना वाटून संपून जाईल व शेवटी त्यांची पापे त्याच्या माथी येतील. अल्लाहच्या मार्गात शहीद झालेल्याचीही सर्व पापे क्षमा होतात, पण कर्ज नाही. मग तुमच्या-माझ्यासारख्यांनी कशावर निर्धास्त राहावे?

मात्र एक सावधगिरी आहे. निंदेसारख्या काही बाबतीत समोरच्याला ठाऊकच नसते. त्याला जाऊन सांगितल्याने नवे वैर उभे राहण्याची भीती असेल, तर अनेक विद्वानांच्या मते त्याच्यासाठी दुआ करावी आणि ज्या बैठकीत त्याची निंदा केली, त्याच बैठकीत त्याचे चांगले गुण सांगावेत. आपल्या मनाचे ओझे उतरविण्यासाठी ते दुसऱ्याच्या मनावर लादणे म्हणजे तौबा नव्हे.

आपल्या कानांची मोहोर

फादरच्या कानांवर असलेल्या मोहोरेचा उल्लेख वर आला. आपल्या समाजात पाद्री नाहीत; म्हणून ही मोहोर आपल्या प्रत्येकाच्या कानांवर असावयास हवी होती. प्रेषितांनी बैठकीतील बोलणे ही अमानत असल्याचे सांगितले आहे, आणि जो एखाद्या मुस्लिमाचा दोष झाकतो त्याचे दोष अल्लाह कयामतच्या दिवशी झाकील, अशी शुभवार्ता दिली आहे. प्रत्यक्षात काय होते? कोणी विश्वासाने काही सांगितले की संध्याकाळपर्यंत ते मोहल्ल्यात पोहोचते. वर "आपल्यातच ठेवा" अशी सूचनाही असते! कुरआनने हेरगिरी व पाठीमागील निंदा यांची मनाई एकाच आयतीत केली आहे (४९:१२), कारण एकातूनच दुसरी जन्मते. जेथे कोणाच्या जीवावर, अब्रूवर वा हक्कावर घाला येत असेल, तेथे मौन हा गुन्हा ठरतो. तेथे पीडिताचे रक्षण करणे हेच कर्तव्य आहे. पण एरवी दुसऱ्याची चूक पोटात ठेवणे ही ईमानची खूण आहे.

माता-पित्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. मूल भीत भीत येऊन "माझ्याकडून चूक झाली" असे म्हणते, ती त्याच्या आयुष्यातील पहिली कबुली असते. त्या वेळी आपण त्याला मारले किंवा चार पाहुण्यांसमोर ती चूक बोलून दाखविली, तर ते एवढेच शिकते की खरे बोलण्यात नुकसान आहे. आपण त्याला जवळ घेतले, चूक दुरुस्त करण्यास त्याच्याबरोबर गेलो, तर पुढे तेच मूल अल्लाहपुढेही मोकळ्या मनाने उभे राहील.

आज रात्री

तेव्हा वाचकहो, आज इशाच्या नमाजनंतर थोडा वेळ राखून ठेवा. घरातील सारे झोपले की वजू करा व दोन रकअत नमाज अदा करा. मग मोघम क्षमा न मागता आपल्या गुनाहची नावे घ्या. डोळ्यांचा गुनाह असेल तर तो म्हणा, जिभेचा असेल तर तो, हातातल्या मापाचा असेल तर तो. ऐकणारा केवळ तोच आहे, आणि त्याला ते आधीच ठाऊक आहे. स्वतःवर अत्याचार केलेल्या आपल्या दासांना त्याने कृपेविषयी निराश न होण्यास सांगितले आहे (३९:५३). जे तौबा करून ईमान व सत्कृत्याच्या मार्गाला लागतात, त्यांच्या दुष्कृत्यांच्या जागी तो सत्कृत्ये ठेवतो (२५:७०).

त्यानंतर ज्या माणसांचा हक्क तुमच्याकडे आहे, त्यांची नावे आठवा. त्यांतील एक नाव निवडा आणि उद्या सूर्यास्तापूर्वी त्याच्याकडे जा. सर्व देणी एका दिवसात फिटणार नाहीत. पण पहिले पाऊल उद्याच टाकता येते. शंभर खून केलेला तो माणूसही मुक्कामी पोहोचला नव्हता, तो केवळ निघाला होता.

एक कबुली मात्र कोणालाही चुकणार नाही. बुखारी व मुस्लिममधील हदीसनुसार कयामतच्या दिवशी अल्लाह श्रद्धावंताला आपल्या निकट घेईल, त्याच्यावर आपला पडदा घालील आणि त्याच्याकडून एकेका गुनाहची कबुली घेईल. दासाला वाटेल की आता आपला नाश झाला. तेव्हा अल्लाह त्याला सांगेल की, जगात मी हे गुनाह झाकले होते आणि आज मी ते क्षमा करीत आहे. त्या दिवशीची ती कबुली सोपी जावी, म्हणून आजची अवघड कबुली उद्यावर टाकू नका.

हे अल्लाह! आम्हाला आमच्या चुका ओळखण्याची दृष्टी दे, त्या कबूल करण्याचे धैर्य दे, ज्यांचे हक्क आमच्याकडे आहेत त्यांना ते परत करण्याची सद्बुद्धी दे, आणि त्या दिवशी आम्हा सर्वांना तुझ्या पडद्याआड घे. आमीन.